माळावरील कालवडीचा दिवस

(परिसर-अभ्यास व सामान्य विज्ञान : इयत्ता चौथी ते सातवीसाठी निरीक्षणपाठ)

पाठाचे प्रयोजन

अभ्यासात मागे पडलेल्या मुलास "जा, गुरे राखायला जा" असे म्हणण्याची रीत खेड्यांतील शाळांत जुनी आहे. ह्या एका वाक्यात दोन चुका आहेत. गुरे राखणे हे अडाण्याचे काम होय, ही पहिली चूक. आणि गुरांमागून वर्गात येणारे मूल रिकाम्या हाताने येते, ही दुसरी. वस्तुतः कालवडी-खोंडांमागे माळावर हिंडणाऱ्या मुलाने पाठ्यपुस्तकात नसलेले पुष्कळ काही पाहिलेले असते. कालवड केव्हा मान खाली घालते, केव्हा वर काढते, कोणते गवत ओरबाडते व कोणते हुंगून सोडते, उन्हे चढली म्हणजे कोणत्या हिवराखाली जाऊन बसते, हे सारे त्यास ठाऊक असते. त्याच्या ठायी उणीव असते ती घड्याळाची आणि वहीची. ह्या दोन्ही वस्तू शाळा देऊ शकते.

पाठाचे दुसरे प्रयोजन हजेरीपटाशी निगडित आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोले अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शिक्षकास हजेरीपटातील काही रिकाम्या घरांचे कारण विचारावे लागत नाही. ती मुले किंवा मुली जनावरांमागे गेलेली असतात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. परंतु कायद्याने कालवडीचे पोट भरत नाही, आणि घरची अडचण खरी असते. म्हणून विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. कालवडीच्या पोटासाठी मूल दिवसभर माळावर असणे खरोखरच अवश्य आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतः कालवडच देते. ते कसे वाचावे, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

माळ आणि त्यावरील गवत

पाठाचा आरंभ मुलांच्या पायाखालच्या जमिनीपासून करावा. सह्याद्रीच्या रांगेवर पावसाळी वारे रिते होतात आणि पूर्वेकडील प्रदेश पर्जन्यछायेत पडतो. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास माण तालुक्यात तो सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. तोही नेमाने पडत नाही. काळ्या पाषाणावर मुरमाड मातीचा पातळ थर, त्यावर गवत, मधूनमधून हिवर, बोर व बाभूळ, असे येथील माळाचे रूप आहे.

ह्या माळावरील चांगली गवते म्हणजे मारवेल, शेडा, पवन्या व डोंगरी. दबडघाव आणि शंकरनारायण ह्या अभ्यासकांनी भारतातील गवताळ आच्छादनाचे जे वर्णन १९७३ साली प्रसिद्ध केले, त्यात द्वीपकल्पाचा मोठा भाग शेडा व मारवेल ह्या गवतांच्या कुळांवरूनच ओळखला आहे. माळावर चराईचा ताण वाढला म्हणजे ही गवते मागे हटतात व कुसळी वाढते. कुसळी कोवळी असताना जनावर ती आवडीने खाते. फुलोरा येऊन कुसळे धरली म्हणजे ती तोंडास व कातडीस टोचतात आणि जनावर तिला टाळते. तरवड आणि रुई ही झाडे मात्र ते सहसा तोंडात घेत नाही. माळावर तरवडच तेवढा हिरवा दिसत असेल, तर त्याचा अर्थ काय, हे मुलांना विचारावे. बाकीचे खाल्ले गेले, हे उत्तर गुराखी मुलगा इतरांच्या आधी देईल.

माणदेश ही खिल्लार जातीची भूमी होय. खिल्लार ह्या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप असा आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा खिल्लार जनावरांचा बाजार बहुतेक मुलांना ठाऊक असतो. त्याचा उल्लेख करून पाठ पुढे न्यावा.

चरणे आणि रवंथ

गाईबैलांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तेथे टणक हिरडी असते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्यास साधारणतः दोन वर्षांच्या सुमारास आरंभ होतो. तोवर जनावरास 'आदत' म्हणतात. कायमच्या दातांची पहिली जोडी आली की ते 'दुसा' होते. जनावर जिभेने गवताचा पुंजका कवेत घेते, खालचे दात व वरची हिरडी ह्यांत धरते आणि मानेला हिसका देऊन तोडते. म्हणूनच बुटक्या, जमिनीलगतच्या गवतावर मेंढीचे पोट भरते, पण कालवडीचे भरत नाही. मेंढ्या फिरून गेलेल्या माळावर कालवड दिवसभर मान घालून असली, तरी ती भुकेली परत येते, ह्याचे कारण हेच.

तोडलेले गवत ती नीट न चावता गिळते. ते प्रथम कोठीपोटात जाते. तेथे असंख्य सूक्ष्म जीव असतात. मनुष्यास न पचणारा गवताचा चिवट भाग ते जीव कुजवून मऊ करतात. पुढे जनावर स्वस्थ झाले म्हणजे तोच चारा घासाघासाने पुन्हा तोंडात आणून चावते. हाच रवंथ होय. एक घास साधारणतः ४० ते ६० वेळा चावला जातो व नंतर गिळला जातो. क्षणभराने गळ्यातून दुसरा वर येताना डोळ्यांस दिसतो. चारा जाळीपोट व पडदेपोट ह्यांतून शेवटी खऱ्या पोटात जातो आणि तेथे माणसाच्या जठरातल्याप्रमाणे पचन होते.

ह्यावरून एक गोष्ट मुलांच्या ध्यानी आणून द्यावी. चरणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे सावलीत बसून होते. बसलेली कालवड आळशी नव्हे, ती कामात असते. तिला काठीने उठवून पुन्हा उन्हात हाकणे म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचे ताट ओढण्यासारखे आहे.

दिवसाचा क्रम

मोकळ्या रानात सोडलेली गुरे दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारणतः ६ ते ११ तास चरतात. परंतु हे तास दिवसभर सारखे विखुरलेले नसतात. चराईचे दोन मोठे टप्पे असतात. पहिला उजाडण्याच्या सुमारास सुरू होतो व उन्हे तापेपर्यंत चालतो. दुसरा उन्हे उतरल्यावर सुरू होऊन सूर्यास्तापर्यंत चालतो. तो बहुधा अधिक नेटाचा असतो. मधल्या वेळात पाणी, सावली, रवंथ व झोप असा क्रम असतो. रात्री मोकळी असलेली गुरे रात्रीही थोडी चरतात, आणि कडक उन्हाळ्यात रात्रीची चराई वाढते.

ह्याची कारणे सोपी आहेत. कोठीपोटात चारा कुजताना उष्णता निर्माण होते. भर दुपारी बाहेरचे ऊन व आतली उष्णता एकत्र झाली, तर शरीर ती बाहेर टाकू शकत नाही. म्हणून जनावर आपोआप खाणे थांबवते. खिल्लार जनावराची वशिंड असलेली जात उन्हास पुष्कळ सोशीक आहे, तरीही हा नियम तिलाही लागू आहे. संध्याकाळच्या नेटाचे एक कारण गवतात आहे. दिवसभराच्या सूर्यप्रकाशाने पात्यांत साखर साठते आणि संध्याकाळचे गवत सकाळच्यापेक्षा गोड असते. शिवाय पुढे रात्र असते, आणि रात्रभर रवंथासाठी कोठीपोट भरून घेणे हे जनावराच्या स्वभावातच असते.

लहान जनावराचे वेगळेपण

वासरू जन्मते तेव्हा त्याचे कोठीपोट लहान व निष्क्रिय असते. दूध अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या पन्हळीतून थेट खऱ्या पोटात जाते. दोनतीन आठवड्यांचे झाल्यावर ते गवताच्या काड्या चघळू लागते आणि पुढील काही महिन्यांत कोठीपोट वाढून कामास लागते. तरीही वर्ष-दीड वर्षाच्या कालवडीचे कोठीपोट गाईच्या मानाने लहानच असते, आणि तिला स्वतःचे पोषण करून शिवाय अंगाने वाढावयाचे असते. म्हणून तिला कोवळा, पाल्याचा चारा अधिक लागतो. ती काडी सोडते व पाते निवडते.

दुसरे वेगळेपण शिकण्याचे. काय खावे व काय सोडावे, हे वासरू आईच्या व कळपातील जाणत्या जनावरांच्या जोडीने चरून शिकते. केवळ वासरांचाच कळप माळावर सोडला, तर ती फार हिंडतात, हुंदडतात, भलतेच तोंडात घेतात आणि चरण्याचा वेळ वाया दवडतात. त्यांच्यासोबत एखादी शांत, वयस्क गाय असणे हितकारक असते. भुकेलेले वासरू पाण्याअभावी सुकलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांकडे धावते. त्यांत विषारी द्रव्य असते व ते खाल्ल्याने 'किराळ' लागून जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. ही माहिती पाठात अवश्य सांगावी. बहुतेक गुराखी मुलांना ती असतेच. त्यांच्याच तोंडून ती वदवून घ्यावी.

तिसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात मोठ्या जनावरास दिवसाला सुमारे ४० ते ६० लिटर पाणी लागते. लहानास त्याच्या आकारमानाप्रमाणे कमी. पाणवठा दूर असला, तर जाण्यायेण्यात चराईचा वेळ व अंगातली शक्ती दोन्ही जातात, आणि वाढत्या अंगास ही तूट अधिक जाणवते.

निरीक्षणाची रीत

शाळेच्या सुटीचा एक दिवस ह्यासाठी निवडावा. उन्हे तापतात पण चारा अद्याप असतो असा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा किंवा फेब्रुवारीचा काळ सोयीचा. एकच कालवड निवडावी व तिच्या शिंगास किंवा गळ्यास रंगीत फडके बांधावे. सकाळी ६ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर दहा मिनिटांनी ती काय करीत आहे, हे एका अक्षराने वहीत मांडावे. चरत असल्यास 'च', चालत असल्यास 'चा', पाणी पीत असल्यास 'पा', उभी राहून किंवा बसून रवंथ करीत असल्यास 'र', नुसती विसावली असल्यास 'वि'. बारा तासांच्या ७२ नोंदी होतात. मुलांनी तीन-तीन तासांच्या चार पाळ्या कराव्यात. प्रत्येक पाळीत एक गुराखी मूल व एक इतर मूल असावे. पहिल्याने पाहून सांगावे, दुसऱ्याने लिहावे. तासाने कामे बदलावीत. पहाटे व तिन्हीसांजेस माळावर लांडग्याचे भय असते, म्हणून त्या पाळ्यांत शिक्षक किंवा एखादा जाणता मनुष्य बरोबर असलाच पाहिजे.

कालवडीस हाकू नये, दगड मारू नये, तिच्याजवळ घोळका करू नये. पाहणाऱ्यामुळे तिचा क्रम बिघडला, तर नोंद तिच्या दिवसाची न होता पाहणाऱ्याच्या गोंगाटाची होईल. सकाळी, दुपारी व संध्याकाळी एकेक मिनिट ती गवताचे किती लचके तोडते, हेही मोजावे. तोडण्याचा आवाज शांत माळावर स्पष्ट ऐकू येतो.

नोंदींचे गणित

ही वही गणिताच्या तासास उपयोगी पडते. उदाहरणादाखल अशी मांडणी घ्यावी : एकूण ७२ नोंदींपैकी 'च' ३३, 'र' २०, 'वि' ९, 'चा' ८ व 'पा' २. तर चराईचा वेळ ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. आता ह्या ३३ नोंदी केव्हाच्या आहेत, ते पाहावे. समजा, सकाळी ६ ते १० ह्या वेळात १७, दुपारी १० ते ४ ह्या वेळात ६ आणि ४ ते ६ ह्या वेळात १० आहेत. म्हणजे मधल्या सहा तासांतील ३६ नोंदींपैकी केवळ ६, अर्थात एकषष्ठांश चराईच्या. आणि उरलेल्या सहा तासांतील ३६ पैकी २७, अर्थात तीनचतुर्थांश चराईच्या. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येक शाळेचे आकडे तिच्या माळाप्रमाणे व हंगामाप्रमाणे निराळे येतील आणि तेच खरे मानावेत.

वरच्या वर्गास दुसरे उदाहरण द्यावे. समजा, कालवडीचे वजन १२० किलो आहे. वाळल्या हिशेबाने तिला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे ३ किलो चारा लागतो. एका लचक्यात पाव ग्रॅम वाळला चारा येतो असे धरल्यास १२,००० लचके हवेत. मिनिटास ४० लचके ह्या वेगाने ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास लागतील. गवत विरळ झाले व लचका निम्मा आला, तर किती तास लागतील? उत्तर दहा तास येते. इतका वेळ तिला माळावर मिळणार नाही, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते. आणि संध्याकाळी गव्हाणीत कडबा का टाकावयाचा, ह्याचेही उत्तर त्यातच आहे.

पाठातून गावापर्यंत

पुष्कळ घरी जनावरे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सुटतात व पाचच्या सुमारास परततात. दुभत्या गाईची धार, घरची कामे व शेण-झाड ह्यांमुळे ही वेळ ठरून गेलेली असते. परंतु कालवडीस व खोंडास धारेची अडचण नाही. ती उजाडताच सुटू शकतात. दहा वाजता सुटणाऱ्या कालवडीचा पहिला टप्पा दाव्यावरच संपतो, आणि पाचला बांधल्यास दुसराही अर्ध्यावर तुटतो; मधल्या वेळात ती हिवराखाली बसते व मूलही तिच्यासमोर बसून राहते. त्याच वेळी शाळेत तास चालू असतात. उलट, साडेसहा ते साडेनऊ चारून, पाणी पाजून तिला गोठ्यात सावलीला बांधले व शाळा सुटल्यावर पुन्हा दिवस मावळेपर्यंत सोडले, तर तिचा रवंथ गोठ्यात होतो, चराई तिच्या वेळेस होते, आणि मूल वर्गात असते. जी चराई थोडी उणी पडेल, ती रात्रीच्या वैरणीने भरून काढता येते.

हे सांगताना ऋतुमानाचे भान ठेवावे. पावसाळ्यात आभाळ असले म्हणजे गुरे दिवसभर थोडी थोडी चरतात. शिवाय ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांची पिल्ले चढलेली असतात, म्हणून दव वाळल्यावरच वासरे सोडणे श्रेयस्कर. त्या दिवसांत बांधावरचे गवत कापून घालणे, किंवा चार घरांची जनावरे एकत्र करून मोठ्या माणसांनी पाळीपाळीने राखणे, हाच मार्ग आहे. हिवाळ्यात दिवस लहान असतो व कालवड दुपारीही काही वेळ चरते. तेव्हा वैरणीचा भाग वाढवावा लागतो. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, पण तेव्हा माळावर चाराही नाममात्र असतो. संध्याकाळची चराई व रात्रीचा कडबा ह्यांवर भिस्त ठेवावी. सारांश, सर्व अडचणी एका पाठाने सुटतील असे नाही. तथापि दिवसभर मुलाला अडकवून ठेवण्याचे जे कारण सांगितले जाते, ते कालवडीचे नसून सवयीचे आहे, एवढे नोंदवहीतून निश्चित दिसते.

हे पालकांना शिक्षकाने उपदेश म्हणून सांगू नये. पालकसभेत ती वही मुलांनीच वाचून दाखवावी, आणि शक्यतो ज्याची हजेरी सर्वांत कमी, त्याच मुलाने वा मुलीने. स्वतःच्या कालवडीचा हिशेब स्वतःच्या लेकराच्या तोंडून ऐकणारा बाप तो सहसा उडवून लावत नाही. आणि ज्या मुलास आजवर "गुरे राखायला जा" असे हिणवले गेले, त्याच्याच पाहण्यावर सबंध वर्गाचा पाठ उभा राहिला, हे त्या मुलाच्याही ध्यानात राहते. ते वाक्य शाळेतून कायमचे जावे, हेही ह्या पाठाचे एक फळ मानावे.

स्वाध्याय

१. आपल्या माळावरील पाच गवतांचे नमुने आणून वहीत चिकटवावेत व कालवड त्यांपैकी कोणते प्रथम खाते, ते लिहावे.

२. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पाच घासांचे चावणे मोजून सरासरी काढावी.

३. कालवड न खाणाऱ्या तीन झाडांची नावे लिहावीत. ती माळावर का वाढतात, ह्याचा विचार करावा.

४. घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे : त्यांच्या लहानपणी जनावरे किती वाजता सुटत, माळावर कोणते गवत असे व पाणी कोठे असे? ऐकलेले दहा ओळींत लिहून आणावे.

५. दर दहा मिनिटांची नोंद दुसऱ्या हंगामात पुन्हा करावी व दोन्ही तक्ते शेजारी शेजारी भिंतीवर लावावेत.